रस्त्याच्या बाजूला

आमच्या चढावर विस्टेरियाला कुणी विस्टेरिया म्हणत नाही.
जांभळा घोस म्हणतात, आणि एप्रिलात
पत्ताही त्यावरूनच सांगतात:
फेरीच्या धक्क्यापासून वर या,
तिसरा घोस सोडा, चौथ्याशी वळा.
माझं घर त्या मोजणीत कधीच नव्हतं.

बी साफेतनं लावलं होतं.
बंद पडलेल्या ग्रीक शाळेच्या कुंपणावर
जानेवारीच्या उन्हात शेंगा तडकत होत्या,
एकीतलं बी उडून त्याच्या कॉलरमध्ये अडकलं,
चपटं, तपकिरी, कोटाच्याच बटणासारखं.
"आयतं आलंय," म्हणाला.
तुना तेव्हा सहावीत होता.

सतरा वर्षं.
तुना दॉर्टमुंडला गेला, साफेत त्याच्याही पुढे.
वेल कुठे गेली नाही, नुसती वाढली.
गच्चीचा कठडा वाकवला, पन्हळ उपटली,
टेलिफोनच्या तारेला वेढे घातले,
घड्याळाच्या उलट,
माझी डावखुरी आत्या लोकर गुंडाळायची तसे.
पानं इतकी की खालच्या खोलीत
भर दुपारी दिवा लागायचा.
फूल? एक नाही.

मी काय नाही घातलं तिला.
चहाचा चोथा, मेंढीचं खत, अंड्यांची टरफलं,
मासे धुतलेलं पाणी
(मग गल्लीतली सगळी मांजरं बुंध्याशी हजर).

किरकोर उस्ता पलीकडच्या बागा छाटतो.
त्यानं एकदा फांदी खाली ओढली, डोळा चाचपला.
"टोकदार. म्हणजे पान.
फुलाचा डोळा गुबगुबीत असतो, चिमणीच्या पोटासारखा.
नेर्मिन हानुम, हिचं पोट भरलंय.
भरल्या पोटी कशाला सुचतील फुलं?"
मग वाण्याला यादी सांगावी तसं सांगितलं:
ऑगस्टात नवी फांदी पाच पानांवर,
फेब्रुवारीत तीच दोन डोळ्यांवर,
खत बंद. आणि फावडं घेऊन
बुंध्यापासून हातभर लांब
अर्धं वर्तुळ, मुळं तोडत.
"तिला वाटू दे, आता आपलं काही खरं नाही."

छाटलं मी. खत थांबवलं.
(त्याच महिन्यात दॉर्टमुंडच्या पार्सलातून
अंजिराच्या मुरंब्याची एक बरणी काढून ठेवली.
कशाला, ते विचारू नका.)
फावडं मात्र चालवेना.
दोनदा भिंतीला टेकवलं, दोनदा आत आणलं.

मग जूनमध्ये पालिकेची माणसं आली, पाण्याची लाइन बदलायला.
रस्त्याकडून, भिंतीला लागून चर खणला.
मी बाजारातून आले तर
मनगटाएवढी मुळं चिखलात, ओली, तुटल्या जागी पिवळट,
आणि एक पोरगा त्यांतल्याच एकावर बसून सिमित खातोय.
मी त्याला काय काय बोलले.
तो उठला, अर्धा सिमित पुढे केला.
"मावशी, नकाशात नव्हतं हे."

सिमित घेतला मी. भूक लागली होती.

उन्हाळाभर त्या बाजूची पानं माना टाकून होती.
हिवाळाभर मी वर पाहिलंच नाही.
मार्चच्या शेवटी फाटकाची कडी काढताना
अंगठ्याला काहीतरी लागलं.
टोकदार नव्हतं.

आता अकरा घोस आहेत.
सगळे भिंतीपलीकडे, रस्त्याच्या बाजूला,
जिकडे तोडलं तिकडेच.
अंगणाच्या बाजूला ती तशीच, हिरवीगार, मख्ख.
बघायचं तर मला फाटकाबाहेर जावं लागतं.
तर जाते. स्टूल नेते, चहाचा पेला नेते.
चढानं धापा टाकणारे लोक थांबतात, मान वर करतात,
भुंगे त्यांच्या टोप्यांना धडकतात.
मुरंब्याबद्दल तुनानं अजून विचारलेलं नाही.

काल एक बाई फोनवर कुणाला तरी सांगत होती,
माझ्याच भिंतीला हात टेकून:
चौथा नाही गं, चौथा सोड.
पाचव्याशी वळ.