बॅडमिंटन क्लब, जुबैल

कागदावर आम्ही बॅडमिंटन क्लब आहोत.
रॅकेटी तीन, त्यातल्या एकीची जाळी फाटलेली.
फूल लामियाच्या मुलानं गॅलरीतून खाली टाकलं
त्यालाही आता दोन वर्षं होतील.
युनियन हा शब्द इथे कुणी उच्चारत नाही,
पूर्वी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत तसं.
त्या म्हणायच्या 'आमचे हे',
आम्ही म्हणतो, "गुरुवारी खेळायला येतेस ना?"

गुरुवारी रात्री माझ्या स्वयंपाकघरात
लोणच्याची बरणी सरकवून करार पसरायचा.
डावीकडे इंग्रजी, उजवीकडे अरबी,
मधली रेघ बांधासारखी,
आणि बांधावरून काय काय होतं हे मला कुणी सांगायला नको.
सगळ्यात खाली कलम बावीस:
दोन मजकुरांत फरक आढळल्यास अरबी ग्राह्य.
ते वाचलं की शोशम्मा दरवेळी म्हणायची,
"मग बाकीची एकवीस कशाला छापली?"

इहसान बाबिकर खार्तूमची, व्याकरण शिकवते.
चष्म्याच्या एका काडीला चिकटपट्टी.
ओळीवर बोट ठेवते ते उचलत नाही,
तांदूळ निवडताना खडा लागावा तसं थांबतं ते.
अशा खड्यांतून लामियाला बाळंतपणाच्या रजेचे
कापलेले नऊ दिवस परत मिळाले,
मला घरभाड्यातला फरक,
आणि एकदा काहीच नाही.
चार महिने अर्जावर अर्ज, काहीच नाही.
ती मुलगी परत गेली. तिचं नाव मी इथे लिहीत नाही.

मग मारिविक.
नर्सिंग शिकवणारी, इलोइलोची, हसताना तोंडावर हात धरणारी.
पत्र आलं: सेवा समाप्त.
पाच वर्षांना चाळीस दिवस कमी.
पाच भरली असती तर पूर्ण ग्रॅच्युइटी,
आणि मुलाचं तिकीट.
मी संख्याशास्त्र शिकवते,
योगायोग कसा दिसतो ते मला ठाऊक आहे.

त्या रात्री चहा तसाच निवला.
इहसानचं बोट एका शब्दावर अडलं: सना. वर्ष.
"कुठलं वर्ष?" ती म्हणाली.
"सहीची तारीख बघा. तिकडे ऑक्टोबर.
इकडे सफर महिन्याची सात."
आणि मला एकदम मायणीच्या घरातला
तुपात तळणाऱ्या अनारशांचा वास आला.

चंद्राचं वर्ष दरसाल अकरा दिवस आखूड.
आपण ते साचू देतो,
तिसऱ्या वर्षी अधिक महिना घालून, जावयाला तेहतीस अनारसे देऊन
हिशेब मिटवतो.
इथे कुणी मिटवत नाही.
दिवस नुसते गळत राहतात,
रमजान उन्हाळ्यातून थंडीत सरकतो.
अकरा पाचे पंचावन्न. त्यातून चाळीस गेले.
मारिविकची पाच वर्षं पंधरवड्यापूर्वीच भरली होती.

अर्ज इहसाननं लिहिला. एक पान, एकही विशेषण नाही.
कामगार कार्यालयात मारिविक एकटीच आत गेली,
क्लबला आत जाता येत नाही.
आम्ही चौघी समोरच्या पेट्रोलपंपावर गाडीत,
एसी चालू, लांब रिफायनरीची ज्योत,
शोशम्माच्या केळ्याच्या वेफर्सचा आवाजसुद्धा
कुणाला तरी ऐकू जाईल असं वाटत होतं.

पैसे आले. सात आठवड्यांनी तिकीटही.
दम्मामच्या विमानतळावर मारिविकनं मला तिची रॅकेट दिली.
म्हणजे आता चार.

सप्टेंबरात नवे करार हाती पडले.
बांधाच्या दोन्ही बाजूंना
वर्ष या शब्दाला आता एक शब्द चिकटलाय:
डावीकडे ग्रेगरियन, उजवीकडे मीलादी.
इहसान त्यावर बोट ठेवून बराच वेळ बसली.
"हा माझा," म्हणाली.
हसली का, ते चष्म्यामुळे कळलं नाही.
मग तिनं पान उलटलं.
कलम तीन.
"दिवा जरा इकडे घे गं."