विरजण

प्लोवदिवच्या बस स्थानकात, जिना उतरून खाली,
दोन दारांच्या मधोमध नेवेनाची खुर्ची.
शेजारी स्टुलावर बशी. तिचा कप कधीच फुटलाय.

सकाळी सहाला ती फरशी पुसते,
आरशावरचे शिंतोडे पुसते,
मग स्वतःच्याच पाकिटातली तीन नाणी
बशीत टाकते.
विरजण, दुसरं काय.
रिकाम्या बशीपुढे कुणाचा हात सैल होत नाही.

कोणती टाकायची, तेही जमावं लागतं.
मोठं नाणं पाहून माणसं बिचकतात,
पिवळी चिल्लर ठेवली तर तेवढीच टाकतात,
आणि ढीग झाला की गुपचूप उचलायचा,
भरल्या बशीला कोण देतं?

बावीस वर्षांत तिला हात कळलेत, तोंडं नाहीत.
आधी खिसा चाचपून मगच आत जाणारे.
बाहेर येताना फोन कानाला लावणारे,
पलीकडे कुणी नसताना.
एकदा एक म्हातारा कुठल्याशा देशाचं
मधोमध भोक असलेलं नाणं ठेवून हसला,
कोडं घातल्यासारखा.
ते अजून तिच्या किल्ल्यांच्या जुडग्यात आहे.

मार्चमध्ये ती व्हिएन्नाला गेली. लेकीकडे. पहिल्यांदाच.
रोसित्सा तिथे कॉफीघरात वाढते,
काळा एप्रन, केस घट्ट मागे.
"मालक बघतोय, आई. गिऱ्हाईकासारखी बस."
बसली. कोट मांडीवर घेऊन.
बिल आलं, चार युरो तीस.

इथे टेबलावर ठेवून निघायचं नसतं,
रात्रीच शिकवलं होतं लेकीने.
पैसे देतानाच आकडा बोलायचा,
पुढचा, गोल.
रात्रभर घोकलेला तो एकच परका शब्द
नेवेना बोलली.
पाच.

आणि रोसित्सा किंचित झुकली.
"आभारी आहे, बाई."
त्यांच्या भाषेत. पण आवाज
नेवेनाच्या ओळखीचा निघाला,
तिचा स्वतःचा,
जिन्याखालचा.

कपात अर्धी कॉफी गार झाली होती.
तिने ती संपवली. पैसे दिले होते.

परतीच्या बसमध्ये, बेलग्रेड मागे पडल्यावर कुठेतरी,
रुमाल काढायला तिने कोटाच्या खिशात हात घातला.
पन्नास सेंट. वीस सेंट.
कधी टाकले कार्टीने?
मिठी मारताना, की बॅग वर चढवताना?
रागावली. सीमेपर्यंत रागावली.
सीमेवर रांगेत उभं राहून पाय दुखले,
तेव्हा राग उतरला असावा,
नक्की तिलाही सांगता येणार नाही.

सोमवार, सहा वाजता. फरशी. आरसा.
वर सोफियाची गाडी लागते,
कामेन ड्रायव्हर खाली येतो, बशीत डोकावतो.
"युरो? इतक्या सकाळी कोण देऊन गेलं?"

"एक वाढणारी होती," नेवेना म्हणते,
आणि फडकं पिळायला घेते.