धुकं कोणत्या बाजूचं

न्यूफाउंडलंडच्या या किनाऱ्यावर
आधी एवढंच विचारायचं असतं :
धुकं कोणत्या बाजूचं?
बाहेरचं असेल तर ते माझं काम नाही,
दुपारी आपलं आपण निघून जाईल,
नाहीतर नाही जाणार.

ड्रुसिला टिझर्डच्या स्वयंपाकघरातलं
दोन काचांच्या मधलं होतं.
बाहेरून हात फिरवा, आतून फिरवा,
हाताला लागते नुसती काच.
कडेचं सील कधीतरी थकलेलं,
थंडीने घोट घोट ओल आत सोडलेली.

"पुतण्या म्हणतो, नवीनच बसव.
पैसे पाठवतो म्हणतो. येतो म्हणत नाही."
डब्यातलं दूध घालून तिने चहा पुढे केला.
खिडकी सायलसने बसवलेली,
कॉडची मासेमारी बंद झाली त्या वर्षी.
हाताला दुसरं काम नव्हतं,
म्हणून प्रत्येक भिंतीला भोक पाडत सुटला होता म्हणे.
चौकटीत चाकूचं टोक रुतवून पाहिलं :
लाकूड ठणठणीत.

मी खिडक्या बदलत नाही.
बदलणाऱ्यांची गाडी मोठी असते,
नाताळला ते कॅलेंडर वाटतात.
माझ्याकडे हिऱ्याच्या टोकाचं ड्रिल,
आणि गुरांच्या डॉक्टरकडून आणलेली पिचकारी.
मसुराएवढी दोन भोकं, एक वर, एक तळाशी.
काचेला भोक पाडताना श्वास धरावा लागतो.
ड्रुसिलानेही धरला.
चुलीवरची किटली तेवढी बोलत राहिली.

पाणी आत, पाणी बाहेर.
पहिलं आलं ते ताकासारखं,
पाचवं निवळीसारखं.
मग हळूहळू खाडी आली :
आधी धक्का,
मग धक्क्यावरच्या पिंपाचा लाल रंग,
मग पिंपावर बसलेला पक्षी.

चष्मा पुसून ती पुढे झाली.
"ॲम्ब्रोज कुठाय?
रोज त्या टोकाला उभा असतो.
कंबर मोडल्यापासून, तीन वर्षं, मी इथून हात करते,
हा आपला ढिम्म."

टोकाला एक खुंटा होता.
त्यावर कुणाचातरी पिवळा रेनकोट,
एक बाही वाऱ्याने अर्धी भरलेली.

"ॲम्ब्रोज अल्बर्टाला गेला, मुलीकडे,"
मी म्हणाले. "दोन उन्हाळे झाले.
तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"
"सांगितलं असेल.
तो समोर दिसत होता, मग मी कशाला ऐकतेय?"

मी भोकांना झडपा बसवत राहिले,
ओल बाहेर जाईल, आत येणार नाही अशा.
बऱ्याच वेळाने ती हसायला लागली,
खुर्चीची पाठ धरून.
"आणि नाताळला मी त्याच्याशी अबोला धरला होता!"

खरं ते सगळं सांगितलं.
खालच्या कोपऱ्यातला डाग निघणार नाही,
तो काचेतच उतरलाय.
थंडी पूर्वीइतकी अडणार नाही.
दहा वर्षं धरा. आठ धरा.
"एक्क्याऐंशीची आहे मी," ती म्हणाली,
"आठ म्हणजे चैन झाली."
नव्या खिडकीला लागले असते त्याच्या पाचव्या हिश्श्याचे पैसे,
वर पार्ट्रिजबेरीच्या मुरंब्याची बाटली.

गाडी वळवली तेव्हा
खाडीतून खरं धुकं चढायला लागलं होतं.
आरशात पाहिलं :
खिडकीत ती, अगदी लख्ख,
हात करत होती
धक्क्याच्या टोकाकडे.

मीही काच खाली करून हात केला,
खुंट्याच्या वतीने.