रजेचा अर्ज

फळ्यावर खडूने लिहिलंय:
स्त्रीरोगतज्ज्ञ – मंगळवार.
त्याखालचं 'भूलतज्ज्ञ' कुणी पुसलं नाही,
आपसूकच फिकट होत गेलं.

आज गुरुवार. एकोणीस जणी.
काही थेट लिलावावरून आलेल्या,
बोटांना अजून बर्फाचा गारठा.
मी पोटावर डॉपलर टेकवून ठोके शोधते
आणि माझ्या आतलं कुणी
टेबलाच्या कडेला लाथ मारतं.
प्रचिती कुबल हसते,
"सिस्टर, तुमचा पण ऐकाक येता!"

मला आठवा.
तीन मंजूर पदांपैकी मी एक,
बाकीच्या दोघी हजेरीपटावर
कोऱ्या रकान्यांत राहतात.
रजेचा अर्ज महिनाभर पर्समध्ये,
लोहाच्या गोळ्यांचा डाग पडलाय त्याला.

"तू रजेर गेलंस तर आमका कोण बघतलो?"
हर्षाली तारीचा नववा सरत आलाय.
मी उत्तर देत नाही.
रक्तदाब घेताना बोलायचं नसतं,
ते एक बरं आहे.

दुपारी सगळ्या गेल्यावर
पट्टा स्वतःच्या दंडाला बांधते.
एकशे छप्पन्न, शंभर.
थांबते. पाणी पिते.
पुन्हा तेवढंच.

लाल पेनाने विसावी ओळ:
सुनयना धुरी, एकतीस. जोखमीची.
ओरोसला पाठवली.
पाठवणारीची सही: सुनयना धुरी.

मग कपाटाची किल्ली मुठीत धरून
व्हरांड्यात उभी राहते.
कुणाकडे द्यायची?

गाडी येते. ड्रायव्हर मागचं दार उघडतो,
माझ्या मागे बघतो, आत बघतो,
"सिस्टर, पेशंट खय?"