प्रत एक

शाळेच्या जिममध्ये माईक दोनदा खरखरला
आणि आमच्या नगराध्यक्ष बाई, एर्मेलिंडा बार्रिआ, म्हणाल्या:
या हिवाळ्यात बेटावरच्या सगळ्यांनी एक पुस्तक वाचा.
माझं आवडतं आहे. सात वेळा वाचलंय.

पुस्तक जाड नाही.
एका विधवेचं लाकडी घर गावकरी दोर बांधून,
खाली ओंडके सरकवत, बैल जुंपून
टेकडीवरून किनाऱ्यापर्यंत ओढत आणतात
आणि भरतीच्या पाण्यावर सोडतात, पलीकडच्या बेटाकडे.
बाई आतच बसलेली.
चूल पेटती. धुराड्यातून धूर.

आमच्याकडे हे नवलाचं नाही. निम्मं गाव
कुठून ना कुठून तरंगत आलेलं आहे.
मागच्या बाकावरून एलेउतेरिओ नाउएल्किन ओरडला,
"बैल कुणाचे होते?"
लोक हसले.
बाई हसल्या नाहीत. "पान एकोणचाळीस," म्हणाल्या. "वाचा."

सोमवारी वाचनालय उघडायच्या आत
दारात अकरा माणसं, गमबुटांसकट.
त्यातल्या चौघांना मी आयुष्यात पहिल्यांदा
मासळीच्या वासाशिवाय पाहिलं.
मी बावीस वर्षं इथं शिक्के मारते.
सांगितलं: प्रत एक.
दुसरी घ्यायला पैसे नाहीत, पुस्तकांची रक्कम मार्चमध्ये कापली.
ठरावाखाली सही कुणाची, ते मी बोलले नाही.
ठराव माझ्या पाठीमागेच खिळ्याला लटकलेला होता,
आणि त्या सहीतल्या 'ए'ला
बोटभर लांब शेपूट आहे.

दुपारी सगळे गेल्यावर जुनं कार्ड काढलं.
खरं सांगते, चांगल्या मनानं नाही काढलं.
सात वेळा म्हणे!
निवडणुकीला पाच महिने राहिले की
सगळ्यांनीच सगळं सात वेळा वाचलेलं असतं.
कार्डावर बार्रिआ, एर्मेलिंडा: एकदा.
बस्स, एकदा.
सापडल्या, म्हटलं मनाशी,
आणि चहा ठेवला.

मग कार्ड उलटलं.
मागच्या बाजूला रोसाल्बा ओयार्सो, शिंपल्यांच्या कारखान्यातली,
बाईंची आई.
सहा हिवाळे, सहा वेळा,
आणि सहीच्या जागी निळ्या शाईत अंगठा.
चौदा वर्षांखालच्या पोरांना पुस्तक द्यायचं नाही
हा नियम तेव्हाही होता.
नाव आईचं, डोळे पोरीचे.
पाचवा अंगठा जरा फाटलेला आहे, सुरीनं कापल्यासारखा,
सहाव्यात ती जखम भरलेली दिसते.
बेरीज मला येते.
चहा उकळून उकळून कडू झाला.

गुरुवारी बाई स्वतः आल्या. ड्रायव्हर नाही, कुणी नाही.
"यादीत माझा नंबर कितवा?"
"पस्तिसावा. माणशी दोन आठवडे."
त्यांनी बोटांवर मोजलं.
"म्हणजे तोवर मी खुर्चीत नसेनही."
"नसालही," मी म्हटलं.
त्या खिळ्यापाशी गेल्या, चष्मा लावला,
आपलाच ठराव वरपासून खालपर्यंत वाचला,
जसं दुसऱ्याचं पत्र वाचावं.
"भाषा भिकार आहे," एवढंच म्हणाल्या.
कागद काढून नेला नाही.
माफी मागितली नाही, मीही वाट पाहिली नाही.
जाताना यादीत आपल्या नावापुढे
शेपटाचा 'ए' काढून गेल्या.

एलेउतेरिओनं पुस्तक चार दिवसांत आणून दिलं,
पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत.
बोलला काही नाही. टोपीला हात लावून गेला.
मी पानं तपासली, ते माझं काम.
पान एकोणचाळीसवर बैलांच्या दोन जोड्या आहेत,
एक तांबडी, एक काळी. मालकाचं नाव
लिहिणाऱ्यानं कुठंच दिलेलं नाही.
समासात पेन्सिलीनं, दाबून, कागद उमटेल इतकं:
काळी आमची.

खोडरबर माझ्या खणात असतो.
ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहू नये,
ती पाटी मीच रंगवली आहे.
शिक्का मारला
आणि पुढच्या नावाला हाक दिली.