केकचा डबा

शिरोलीच्या फाउंड्रीत मी व्हॉल्व्हची टेस्ट सर्टिफिकेटं टाइप करते.
हीट नंबर, कार्बन, गंधक, दाब किती बारचा,
आणि शेवटच्या रकान्यात, माल कुठे जाणार.
परवा त्या रकान्यात त्या देशाचं नाव आलं
आणि बोटं कीबोर्डवर थांबली.

अब्बा तिथं अकरा वर्षं होते.
दस्तगीर शिकलगार, टर्नर. उद्यमनगरातून थेट
समुद्रकाठच्या तेलाच्या गावात.
नकाशात तो देश शोधायला मला लहानपणी भिंग लागायचं.
"आपल्या जिल्ह्यापरास बारका हाय गं," अब्बा सांगायचे,
"पर जमिनीला टोचलं की पैसा निघतोय.
बैल पाण्याला वाकतो तसा पंप वाकतोय, उठतोय,
रातंदिस. दमत न्हाई.
आन् तहान बी भागत न्हाई."

तिथं शाळा फुकट, दवाखाना फुकट,
पगाराला कात्री नाही.
राजाचा फोटो बँकेत, सलूनमध्ये,
चिकनच्या दुकानात लटकलेल्या कोंबड्यांच्या वर.
अब्बांच्या वर्कशॉपात अझ्रान नावाचा पोरगा होता,
तिथलाच, सह्या करायला ठेवलेला.
दारात तीन गाड्या, फिरायला रस्ता एकच.
अब्बांनी एकदा विचारलं, तेल संपलं तर रे?
त्यानं आधी दाराकडे बघितलं,
मग हसला,
मग चहा मागवला.

शुक्रवारी दुपारी सगळ्या दुकानांची शटरं खाली.
नमाजाच्या रांगेत खांद्याला खांदा.
दुसऱ्या दिवशी कार्डाच्या ऑफिसात खिडकी वेगळी.
कार्डाचा रंग सांगायचा
कोण इथला, आणि कोण नुसता इथं आहे.

वर्षातून एकदा, ईदला, राजवाडा उघडायचा.
इस्त्रीचा शर्ट घालून अब्बा चार तास रांगेत.
आत जेवण, पंगतीत कोणी कुणाला उठवत नाही,
मग राजाच्या हाताला हात, डोळा लवायच्या आत.
"कसा होता हात?" मी दर सुट्टीत विचारायची.
"मऊ."
आणि बऱ्याच वेळानं, सुपारी कातरत,
"लेथवरचा न्हवं."
बाहेर पडताना प्रत्येकाला केकचा एक डबा,
पिवळा, वर सोनेरी मोहोर.
केक त्यांनी आणि एका नेपाळी वेल्डरनं
पत्र्याच्या खोलीत रात्री संपवला.
डबा कोल्हापूरला आला.
त्यात आता व्हर्नियर आहे, अम्मीच्या बीपीच्या गोळ्या,
घरफाळ्याच्या पावत्या.

टोलनाक्यांवरून इथं गाव पेटलं
तेव्हा अब्बा सुट्टीवर होते.
म्हाताऱ्या बायका, तालमीतली पोरं, वकील, रिक्षावाले,
सगळे रस्त्यावर.
"एवढ्याशा पैशापायी एवढी बोंब?" माझा भाऊ म्हणाला.
अब्बा बराच वेळ गर्दीकडे बघत राहिले.
"खिशातनं जातंय, म्हणून तोंड उघडतंय.
तिथं खिशातनं कायबी जात न्हाई."
दुसऱ्या दिवशी ते कुणाला न सांगता गेले
आणि घसा बसवून आले.
हळद-दूध पिताना लहान पोरासारखे हसत होते.
मला वाटलं, आता परत जायचे नाहीत.
गेले. कर्ज नव्हतं, पण बहिणीचं लग्न होतं.
पुढं दोन वर्षांनी कायमचे आले
ते गुडघ्यामुळे.

गेल्या दसऱ्याला मी त्यांना चौकात घेऊन गेले.
सूर्य मावळला, बार उडाले, माणसं सोन्यावर तुटून पडली.
इथल्या राजाचं राज्य केव्हाच गेलं, मान राहिला.
अब्बांच्या हाताला आपट्याची तीन पानं लागली,
त्यातलं एक अर्धं.
"हे बरं हाय," म्हणाले. "ह्याला बाजारभाव न्हाई."
पानं डब्यात वाळली. गोळ्या शोधताना कधीतरी चुरा झाला.

परवा ते सर्टिफिकेट मी पूर्ण केलं.
दाब योग्य. गळती शून्य.
रात्री जेवताना अब्बांना सांगितलं,
तुमच्या तेलाच्या गावाला चाललेत बघा आपले व्हॉल्व्ह,
गळती शून्य.
भाकरी मोडता मोडता ते म्हणाले,
"कागदावर."