गणती, हिडकलचा फुगवटा

तक्त्यात दोन रकाने शेजारी शेजारी:
चांदवा, आणि तांबड्या कपाळाची पाणकोंबडी.
सकाळी सहाच्या धुक्यात दोन्ही नुसती काळी.
खात्याच्या दुर्बिणीचं एक भिंग आंधळं.

तराफा रुद्रव्वा रेटते.
चटयांसाठी पाणकणीस कापायला ती रोज येतेच,
आज मलाही बसवून घेतलं, भाडं ठरलं नाही.
'नामद कोळी री,' ती हनुवटीनं दाखवते.
कोळी म्हणजे कोंबडी, एवढं येतं मला.
उरलेलं मी मराठीत ऐकते: नावाची कोंबडी.
कुणाच्या नावाची?
ती हसते, कपाळावरून बोट ओढते,
तेव्हा उजेड पडतो.

चांदव्याचं कपाळ चुन्यात बुडवून काढलेलं.
दुसरीचं तांबडं चोचीवर ओघळलेलं, टोकाशी पिवळं,
घाईत लावून बाहेर पडल्यासारखं.
मी खुणा करत जाते. पांढरं. पांढरं. तांबडं.
आमच्यात पांढरं कपाळ कुणाला म्हणतात
ते मी तिला सांगत नाही.
तिच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, दवानं ओलसर.
माझ्या कपाळावर मागच्या दिवाळीपासून काही नाही.

'कपाळ काय बघताय मॅडम, पाय बघा की.'
पांढरीच्या बोटांना पाकळ्या फुटलेल्या.
खोल पाणी तिचं.
बुडी मारते, तळचं शेवाळ ओढून वर येते,
आणि उडायचं तर आधी पाण्यावरून धावते
चपचपचपचप
कुणीतरी चपला हातात घ्यायला विसरलंय असं.
तांबडीची बोटं लांब, काटकुळी.
काठ सोडत नाही, पानांवरून चालते,
पावलागणिक शेपूट उडवते,
शेपटीखालचं पांढरं मग दिसतंच.

'पिल्लं बघितलीत?' रुद्रव्वा विचारते.
'ह्या पांढरीचंच पिल्लू.
अंड्यातून निघतं तेव्हा डोकं लालभडक.'
मग?
'मग काय. मोठं होतं.'

पांढऱ्या एकशे बारा, तांबड्या नऊ.
बेरीज मांडता मांडता एक पांढरी खाली गेली,
पाणी तिच्यावर मिटलं.
रुद्रव्वानं काठी चिखलात रोवली.
तराफा जागच्या जागी जरा फिरला,
माझं तोंड आता धरणाकडे.
'थांबा,' ती म्हणाली, 'वर येऊ दे.'
एकशे बारावी खूण
मी पेन्सिलीनं अर्धीच ओढून ठेवली.